सूर आपला, मग वाजवणारा कोणाचा?



कान नदीच्या काठी गाण्याविषयी बोलताना श्रोत्यांच्या कानाची काळजी वक्त्याने करण्याचे कारण नाही. मात्र मी आज रागदारीवर बोलणार नाही. वरातीत आणि चहाच्या दुकानात जे गाणे वाजते, त्याचे कूळ तेवढे आपण शोधू.

१९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. मराठी माणूस, संगीताचा जाणकार. चित्रपटगीतांत परकी भेसळ फार झाली, राष्ट्राचा कान बिघडतो आहे, असे त्यांना वाटे. त्यांच्या अमदानीत ही गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली. केसकरांच्या हेतूविषयी मला शंका नाही. शास्त्रीय कलावंतांना त्यांनी मोठा आधार दिला. पण गाणे आले कोठून, एवढ्यावरच ते आपले की परके हे ठरते काय?

ते आले कोठून, तेही पाहू. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी जॅझ घडवला. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात वाजवणारे काळे आणि ऐकणारे गोरे. काळ्या श्रोत्याला दार बंद. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णी वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी ही नवी लय उचलली. हळदोण्याचे अँटोनियो वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत; तेच पुढे सी. रामचंद्रांच्या गाण्यांत वाजवू लागले. पुणतांब्याचा मराठी संगीतकार, गोव्याचा ख्रिस्ती वादक, सातासमुद्रांपलीकडील काळ्या माणसाची लय, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्यावर नाचणारे आपले भगवानदादा! त्या वेळी वाझांचे गाव पोर्तुगीज अमलाखाली होते. ते भारतात आले डिसेंबर १९६१ मध्ये.

आता पुढचे ऐका. १९६२ च्या चीन युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी हुतात्म्यांचे गीत गायले. शब्द कवी प्रदीपांचे, चाल सी. रामचंद्रांची. परकी वळणे उचलतो म्हणून ज्याला नावे ठेवली, त्याच्याच चालीवर देश रडला. तेव्हा राष्ट्राचा सूर रक्ताची शुद्धता पाहून ठरत नाही; तो लोकांच्या गळ्यात बसला की ठरतो.

पण एवढ्यावर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. मुंबईच्या स्टुडिओंत वाद्यमेळ बसवणाऱ्या कित्येक गोमंतकीयांची नावे श्रेयनामावलीत आलीच नाहीत. आणि आपल्या दारात काय चालते? मार्गशीर्षात पश्चिमेच्या डोंगरांत डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. भोपळा, बांबू आणि शिंग यांची पावरी तेथे रात्रभर घुमते. तीच धून आज खानदेशातील लग्नांत बँडवर वाजते. आपण, आपली मुले, आपले व्याही, सारे बेभान नाचतो. ती धून ज्या भिल्ल-कोकणा बांधवांकडून आली, त्यांतला एखादा आपल्या पंक्तीला मानाने बसलेला दिसतो काय? आणि जो बँडवाला उन्हात घामाघूम होऊन वाजवतो, त्याचे पान पहिल्या पंक्तीत वाढले जाते की शेवटी, मांडवाबाहेर?

कॉटन क्लबाच्या दाराला आपण हसू नये. तसले दार आपल्याही मांडवाला आहे. फक्त त्याला पाटी नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. यंदाच्या लगीनसराईत सुपारी देताना वाजवणाऱ्याचे नाव विचारा, पावरीची धून कोणत्या पाड्यावरची ते विचारा, आणि जेवणाच्या वेळी त्याचे पान आपल्याशेजारी मांडा. सूर आपण केव्हाच आपला म्हटला आहे. माणसालाही आपला म्हटल्यावाचून राष्ट्राची मैफल पुरी होत नाही.