पिसाळण्याआधीची दक्षता

स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत आलेल्या कुत्र्याला बाहेर टाकून आत जाण्यास धर्मराजाने नकार दिला, ही महाभारतातील कथा घरोघर ठाऊक आहे. श्रीदत्ताच्या पायांशी श्वान बसलेले असतात. खंडोबाच्या परिवारातही कुत्रा आहे. मानाच्या बाबतीत या प्राण्याची आबाळ झालेली नाही. आबाळ होते ती निगेच्या बाबतीत. ताटातील उरलेले अन्न आणि उन्हाळ्यात पाण्याचे एक भांडे दिले की धन्याचे कर्तव्य संपले, असे सर्रास मानले जाते. जनावर आजारी पडले तर पुढचे पुढे पाहू, हा त्यामागचा विचार. पुष्कळ आजारांत तो निभावूनही जातो. परंतु एका रोगात ‘पुढचे पुढे’ असे काही उरतच नाही.

तो रोग म्हणजे रेबीज, ज्याला सामान्य बोलीत पिसाळणे म्हणतात. याचा विषाणू चाव्यातून शरीरात शिरतो आणि रक्ताची वाट न धरता मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा दोन-तीन महिने लागतात. चावा चेहऱ्यावर असेल तर बराच कमी काळ पुरतो. मेंदू गाठला की लक्षणे दिसतात, आणि लक्षणे दिसल्यावर जनावर काय, माणूस काय, मृत्यू जवळजवळ निश्चित असतो. औषधाला जी काही संधी आहे, ती सारी त्या प्रवासाच्या आधी किंवा त्या प्रवासात आहे.

पिसाळलेले कुत्रे म्हटले की लाळ गाळत, दिसेल त्याला चावत धावणारे जनावर डोळ्यांसमोर येते. वस्तुतः या रोगाचे एक मुके रूपही आहे, आणि घरातल्या माणसांना तेच अधिक फसवते. कुत्रे शांत होते, कोपरा धरते. खालचा जबडा लोंबू लागतो, आवाज घोगरा होतो, घास गिळवत नाही. घशात हाडूक अडकले असावे असे वाटून धनी मायेने त्याच्या तोंडात हात घालतो. दात लागण्याचीही गरज नसते. लाळेला बोटावरची एखादी ताजी जखम पुरते. शिवाय लक्षणे प्रकट होण्याच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू उतरलेला असतो. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवण्याची प्रथा यातूनच आली.

लुई पाश्चर याने जुलै १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी हे संरक्षण कुत्र्यांवर पारखले गेले होते, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था उभी राहिली आणि तेथेच पुढे डेव्हिड सेंपल याने मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने ज्यांनी घेतली, त्यांना ती जन्मभर विसरता आली नाहीत. आता ती लस इतिहासजमा झाली आहे. चावा झाल्यावरची आजची इंजेक्शने थोडी असून दंडातच दिली जातात. तथापि चौदांची ती दहशत अद्याप काही घरांत शिल्लक आहे, आणि तिच्यापायी जखमेवर चुना, हळद, मिरची दाबून वेळ दवडणारेही आहेत. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि तडक दवाखाना गाठणे, हेच खरे.

पण चावा होऊच नये अशी तजवीज पिल्लाच्या वयातच करता येते. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून, आई आपली रोगप्रतिकाराची शक्ती पिल्लाला देते. ही उसनी शक्ती काही आठवडे टिकते. आणि ती अंगात असेतोवर टोचलेली लस ती निष्प्रभ करून टाकते. ती नेमकी केव्हा ओसरेल, हे पिल्लागणिक वेगळे असते. म्हणून डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांवरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचे वय होईपर्यंत पुन्हा देतात. ‘एक सुई दिली, आता कशाला?’ असे म्हणणारा धनी पिल्लाला नेमक्या धोक्याच्या पंधरवड्यात उघडे सोडतो. पार्व्हो हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. रक्ताच्या हगवणीने तो पिल्लाला दोन-चार दिवसांत संपवतो आणि त्याचा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. रेबीजची पहिली लस सुमारे तीन महिन्यांच्या वयात, मग वर्षाने, आणि पुढे पशुवैद्य सांगेल त्या वेळी. जंताचे औषध मात्र दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करावे लागते, कारण गोल जंत आईच्या पोटातच पिल्लाकडे आलेले असतात आणि त्यांची अंडी अंगणात खेळणाऱ्या मुलांनाही बाधतात.

‘आमचे कुत्रे घराबाहेर जातच नाही’ हा युक्तिवाद नेहमीचा. घरात राहणाऱ्या मांजराविषयी तर लसीचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. पण उघड्या फाटकातून भटके कुत्रे आत यायला किती वेळ लागतो?

जपानने १९५० साली कायदा करून पाळीव कुत्र्यांची नोंदणी व लस सक्तीची केली, भटक्यांचा बंदोबस्त केला, आणि १९५७ नंतर तेथील जनावरांत हा रोग आढळला नाही. एखाद्या वस्तीतील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटू लागते, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. गोव्याने अनेक वर्षे गावोगाव फिरून पाळीव आणि भटक्या अशा दोन्ही कुत्र्यांना लस टोचली; २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाले. त्या सत्तरांत पाळीव कुत्री आणणे सर्वांत सोपे, कारण त्यांना पकडायला जाळे लागत नाही. दवाखान्याच्या कार्डावरची पुढची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवणारे कोणीतरी लागते.