खाचरातलं पाणी, कॅमेऱ्यातला प्रकाश



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर एक मराठी शिलालेख आहे.
सरफोजीराजांनी 1803 साली कोरवून घेतलेला.
त्यात त्यांच्या भोसले घराण्याचा इतिहास.

त्याचा फोटो काढायचा, तर अक्षराच्या खाचेतली बारीक सावली पकडावी लागते.
ती पकडतो कॅमेऱ्यातला सेन्सर.

प्रकाश सगळेच सेन्सर गोळा करतात.
फरक आहे तो पुढे नेण्यात.

तंजावरच्या कावेरीकाठची भाताची खाचरं डोळ्यांसमोर आणा.
पाणी एका खाचरातून दुसऱ्यात,
दुसऱ्यातून तिसऱ्यात…
जुना सीसीडी सेन्सर असाच चालतो.
प्रकाशातून तयार झालेला विद्युतभार सेन्सरच्या ठिपक्या-ठिपक्यातून (पिक्सेलमधून) सरकत टोकाला जातो, आणि तिथे मोजला जातो.
शास्त्रज्ञ बॉइल आणि स्मिथ यांनी तो 1969 साली शोधला.
2009 साली त्यांना नोबेल मिळालं.

आता समजा, प्रत्येक खाचराला स्वतःचं दार आहे.
हा सीमॉस.
इथे प्रत्येक ठिपक्यापाशीच संकेत वाढवला जातो.
त्यामुळे वेग जास्त, वीज कमी.
आज मोबाइलपासून लाखमोलाच्या कॅमेऱ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी हाच असतो.

मग मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची किंमत एवढी का?
सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे सेन्सर मोजकेच निघतात.
एखादा गंभीर दोष राहिला, की अख्खा तुकडा वाया.

पुन्हा सांगते:
प्रकाश सगळेच गोळा करतात, फरक आहे तो पुढे नेण्यात.

आणि शिलालेखापाशी उभं राहिल्यावर मी महागड्या कॅमेऱ्याआधी एक साधा दिवा मागेन.
बाजूने तिरपा धरला,
की दगडातलं अक्षर उठून दिसतं.