सुझॅना होम्सचा दावा



कोर्टाची पायरी आम्हां युनियनवाल्यांना नवी नाही. परंतु आज जिची हकीकत सांगणार आहे, त्या बाईला कायद्याने दावा लावण्याचा अधिकारच नव्हता. तरीही तिचा दावा ऑस्ट्रेलियातल्या इंग्रजी वसाहतीतला पहिला दिवाणी दावा ठरला.

सुझॅना होम्स ही इंग्लंडच्या नॉरफॉक परगण्यातली. एका घरातून कपडे आणि चांदीचे चमचे चोरल्याबद्दल १७८४ साली तिला फाशी फर्मावली गेली. चमच्यांपायी फाशी! पुढे ती उतरून चौदा वर्षे काळे पाणी झाले. नॉर्विचच्या तुरुंगात हेन्री केबल या कैद्यापासून तिला मूल झाले. लग्नाची परवानगी मागितली ती मिळाली नाही. १७८६ साली तिला प्लिमथच्या कैदी‑जहाजावर नेले, तेव्हा कप्तान म्हणाला, बाईचा हुकूम आहे, पोराचा नाही.

बरोबर आलेला तुरुंगाधिकारी सिम्प्सन ते तान्हे मूल मांडीवर घेऊन घोडागाडीने लंडनला गेला. त्याने गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांना गाठले आणि मूल आईला द्यावे, बापालाही सोबत पाठवावे, असा हुकूम आणला. तुरुंगाधिकाऱ्याबद्दल चांगले बोलण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचित येतो, आज आला.

लोक हळहळले. वर्गणी जमली, वीस पौंडांचे सामान घेऊन ते गाठोडे 'अलेक्झांडर' गलबतावर चढवले. १७८७ च्या मे महिन्यात अकरा गलबते निघाली, ती जानेवारी १७८८ मध्ये सिडनीला लागली. १० फेब्रुवारीला सुझॅना आणि हेन्री यांचे लग्न झाले. गाठोडे मात्र मिळेना.

जुलैत दोघांनी गलबताचा कप्तान डंकन सिंक्लेअर याच्यावर दावा लावला. आता पेच पाहा. फाशीची शिक्षा झालेला माणूस इंग्रजी कायद्याने जिवंतपणीच मेलेला; त्याला मालमत्ता नाही, फिर्याद नाही. त्यात ही लग्नाची बाई, म्हणजे नवऱ्यावाचून तिला कायद्यात वेगळे अस्तित्व नाही. दुहेरी मरण!

त्या दाव्याचा कागद शिल्लक आहे. वादी कोण, या जागी आधी 'नवे वसाहतकार' असे लिहून मग ते खोडले आहे. 'कैदी' हा शब्दही घातलेला नाही. तो घातला असता तर दावा तिथेच संपला असता. मस्टरवरून नाव खोडल्यामुळे बुडालेले बदली कामगार मी पुष्कळ पाहिले. खोडाखोडीने कुणी तरलेले पाहिले ते एवढेच.

न्यायासनावर डेव्हिड कॉलिन्स हा कायदा न शिकलेला आरमारी शिपाईगडी. कायद्याची पुस्तके उघडून त्याने वादींना बाहेर काढले असते, तर कुणी त्याला नावे ठेवली नसती. त्याने तसे केले नाही. सिंक्लेअरने पंधरा पौंड द्यावे, असा निकाल लागला.

त्या दिवशी सुझॅनाच्या शिक्षेची जवळजवळ दहा वर्षे अजून उरलेली होती.