पट्टणकोडोलीची लोकर



या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले. मी मागाच्या खडखडाटात वाचायला शिकलेला माणूस. गेल्या साली पट्टणकोडोलीच्या यात्रेत जे पाहिले आणि विचारले, तेवढेच सांगतो.

पट्टणकोडोली हे हातकणंगले तालुक्यातले गाव. एका अंगाला चांदीकामाची हुपरी, दुसऱ्या अंगाला यंत्रमागांची इचलकरंजी. दसरा झाला की दिवाळीच्या आत इथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून धनगर समाज लोटतो. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून फरांडेबाबा पायी चालत येतात. ढोल आणि कैताळ यांच्या गजरात, देवाच्या छत्र्यांखाली ते तलवारीचे हेडाम खेळतात आणि मग भाकणूक होते. भंडाऱ्याने माणसे, जनावरे, रस्ते पिवळेधमक होऊन जातात. भंडाऱ्याबरोबर खारीक-खोबरे उधळतात आणि लोकरही उधळतात. माझ्या टोपीवर एक काळा पुंजका येऊन बसला. शेजारच्या म्हाताऱ्याने तो उचलून कपाळाला लावला आणि खिशात ठेवला.

त्याला मी विचारले, "बाबा, घरी लोकरीचं काय करता?" तो म्हणाला, "कातरतो आणि बांधाला टाकतो. घेतंय कोण?"

देवापुढे जी कपाळाला लावायची तीच बांधाला टाकायची, हे काय गौडबंगाल आहे? मला भक्तीत दोष काढायचा नाही. मला हिशेब पाहायचा आहे.

आपली दख्खनी मेंढी काटक. उन्हात, पावसात, दगडाधोंड्यांतून कोसचे कोस चालते. पण तिची लोकर जाडीभरडी, वर्षाकाठी किलोभरही भरत नाही. गिरणीला हवी असते मेरिनोची मऊ लोकर, ती ऑस्ट्रेलियातून येते. मेंढी मात्र कातरावीच लागते, नाहीतर अंगावर किडे होतात. कातरणाऱ्याला मजुरी द्यायची आणि लोकरीतून तेवढेही पैसे निघायचे नाहीत, अशी गत आहे. मग मेंढक्याने काय केले? जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीचे नर कळपात सोडले. अंगाने थोराड, लोकर अगदी कमी. बकऱ्याला पैसे जास्त येतात. शेतात मेंढरे बसवली की खताचे चार दाणे मिळतात ते वेगळेच. यात त्याचे काय चुकले? पोट त्यालाही आहे.

पण लोकरीमागे एकटा मेंढका नाही. ती पिंजून तिचे सूत काढणारी बाई आहे. चिंचोक्याची खळ लावून, खड्डामागावर बसून घोंगडे विणणारा सणगर आहे. आमच्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. तिथल्या कामगाराची मजुरी आडव्या धाग्यांवर, म्हणजे पिकावर ठरते आणि त्यासाठी आम्ही मालकांशी भांडतो. खड्डामागावरच्या माणसाने भांडायचे कोणाशी? त्याचा मालक तोच, मजूरही तोच. सूत काढणाऱ्या बाईचे श्रम तर घरकामातच जमा होतात.

हल्ली शहरातले शौकीन घोंगडी घेऊ लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. दुकानातली किंमत ऐकून मी चकित झालो. पण त्यातले कातणारीच्या हातावर किती पडले, हे दुकानदाराला सांगता येईना. सरकारही अगदी झोपलेले नाही. मेंढी-शेळी विकासाचे राज्याचे महामंडळ १९७८ पासून पुण्यात आहे, केंद्राचे लोकर विकास मंडळ १९८७ पासून जोधपूरला आहे. मात्र कार्यालय आणि वाडा यांच्यामध्ये जी वाट आहे, ती मेंढरांनाही सापडत नाही!

भाकणूक मी लक्ष देऊन ऐकली. पाऊसपाणी आले, धान्याचे भाव आले, राजकारण आले. लोकरीच्या भावाचा शब्द आला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही काही मंडळी झाडाखाली बसलो. मी एवढेच मांडले की, संघटनेसाठी माणसे गोळा करता करता आमचे जोडे झिजतात. इथे ती दरसाल आपणहून येतात. मग मेंढका, कातणारी आणि सणगर यांनी लोकरीचा, सुताचा आणि विणकामाचा दर इथेच एकत्र बसून का बांधू नये? एक तरुण म्हणाला, "दर बांधून गिऱ्हाईक कुठनं आणणार?" प्रश्न रास्त होता. त्यावर तासभर वाद झाला. आधी लोकर रंगाप्रमाणे वेगळी करून एका ठिकाणी साठवावी, किती भरते ते पाहावे, मग गिऱ्हाइकाशी बोलावे, इथपर्यंत गाडी आली.

यंदाच्या यात्रेआधी चार वाड्यांवरच्या मेंढक्यांनी लोकर राखून ठेवायचे कबूल केले आहे. दोन सणगर बैठकीला येतो म्हणाले. कातणाऱ्या बायकांकडे मला पुढच्या महिन्यात जायचे आहे.