बोखुमचा धडा



15 जानेवारी 2008 रोजी नोकिया कंपनीने जर्मनीतील बोखुम शहरातला आपला मोबाईल फोनचा कारखाना त्याच वर्षी बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे 2300 जणांची नोकरी जाणार होती. उत्पादन रुमानियातील क्लुज शहराजवळ हलणार होते. कंपनी तोट्यात असती, तर निर्णय निदान समजण्याजोगा होता. पण 2007 साली तिने अब्जावधी युरोंचा नफा कमावला होता! जर्मनीतील मजुरी महाग पडते, हे कारण पुढे करण्यात आले. त्यावर कामगार प्रतिनिधींचे उत्तर होते की, उत्पादनखर्चात मजुरीचा वाटा जेमतेम पाच टक्के आहे.

बोखुम मूळचे कोळसा खाणींचे शहर. तेथील शेवटची खाण 1973 साली बंद झाली आणि शहराची सारी भिस्त नव्या उद्योगांवर राहिली. म्हणूनच शासनाने नोकियाला सुमारे 8 कोटी 80 लाख युरोंचे अनुदान दिले. हा करदात्यांचा पैसा. त्याबदल्यात रोजगार टिकविण्याची अट होती खरी, परंतु तिची मुदत सप्टेंबर 2006 मध्येच संपली होती. अट काही वर्षांची आणि शहर पिढ्यान्‌पिढ्यांचे, ही विसंगती करार करताना कुणी मनावर घेतली नाही. हजारो लोक रस्त्यावर उतरले, मंत्र्यांनी नोकियाचे फोन टाकून देण्याची भाषा केली. तत्कालीन अर्थमंत्री पीअर श्टाइनब्र्युक यांनी या वृत्तीला ‘काफिल्याची भांडवलशाही’ म्हटले. अखेर कामगारांच्या पदरात पडले ते नुकसानभरपाईचे 20 कोटी युरो. कारखाना गेलाच.

आणि क्लुज? सप्टेंबर 2011 मध्ये तोही कारखाना बंद करण्याचे जाहीर झाले. सुमारे 2200 जणांच्या नोकऱ्यांवर गदा आली. काफिला आशियाकडे वळला होता.

तो चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला 2006 सालीच येऊन पोहोचला होता. भरभराटीच्या काळात तेथे सुमारे आठ हजार कामगार होते. त्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली पुष्कळ. येथे तर मजुरी स्वस्त होती. तरीही 2014 साली नोकियाचा फोन व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला, करविवादात अडकलेला हा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला, मायक्रोसॉफ्टने मागणी थांबविली आणि नोव्हेंबरमध्ये उत्पादन बंद पडले. आज जमीन, वीज आणि करसवलती देऊन उद्योग खेचण्याची चढाओढ आपल्या राज्याराज्यांत चालू आहे. सवलतीची मुदत संपल्यानंतरच्या वर्षासाठी त्या करारांत काय लिहिले आहे, हे त्या त्या गावाने आधीच विचारायला हवे. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याला नवा मालक मिळायला 2019 साल उजाडावे लागले.