आधी शेजार, मग घर



घराचं खरेदीखत आपण सहसा दोनदाच हातात घेतो. एकदा सही करताना आणि एकदा भांडण झाल्यावर. त्यात चतुःसीमेचा एक परिच्छेद असतो. पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस सामाईक बोळ, उत्तरेस तमक्याची भिंत. घर किती फूट लांब, किती फूट रुंद हे आधी येतं खरं. पण नेमकं कुठलं घर, हे या चार ओळींवरून ठरतं. म्हणजे सरकारी कागदावरसुद्धा आपल्या घराची ओळख शेजाऱ्यांच्या नावानं होते. अरबीत एक जुनी म्हण आहे. तिचा अर्थ असा की आधी शेजारी बघा, मग घर बघा.

मी दलाल नाही, वकीलही नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात घर हातातून हातात जातं तेव्हा काय काय घडतं, ते लहानपणापासून बघत आलो आहे. शेजाऱ्याला काय ठाऊक असतं आणि त्या माहितीचं तो काय करतो, एवढ्याच दोन गोष्टींवर आज बोलणार आहे.

आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर मातीचा थर. वैशाखात भर दुपारी अशा घरात पाय ठेवला की गारवा लागतो आणि घेणारा तिथंच भुलतो. असं घर बघायचं ते मघांच्या झडीत. कुठं टपटपतं, कुठल्या भिंतीला ओल चढते, अंगणातलं पाणी कुणाच्या दारातून बाहेर जातं, हे एका झडीत कळतं. तेवढा धीर नसेल तर शेजारच्या म्हातारीजवळ घटकाभर बसावं. दर पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात घमेलं ठेवावं लागतं, हे तिला घरमालकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अशीच दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. आपल्या हिंगोलीकडंही २०२४च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये साडेचार तीव्रतेचे धक्के बसले. त्यानंतर किती भिंतींना भेगा पडल्या आणि किती भेगांवर चुना फिरला, हे बाहेरून आलेल्या माणसाला दिसत नाही. शेजाऱ्याला दिसतं, कारण अर्धी भिंत त्याची असते.

कागदाचंही तसंच आहे. खेड्यात पुष्कळजण ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ दाखवतात आणि म्हणतात, घर माझ्या नावावर आहे. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. कर कोण भरतो हे ती सांगते. मालक कोण, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. मग बाँडपेपरवर चार सह्या होतात, पैसे हातावर पडतात आणि ताबा मिळतो. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येते. शंभर रुपयांत आता दारही येत नाही, तरी नोंदणी टाळली जाते. अशा घरात पुण्याला राहणाऱ्या धाकट्या भावाचा हिस्सा आहे, लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहिली आहे, ही गोष्ट कुठल्याही उताऱ्याआधी गल्लीला माहीत असते.

आता वेळेबद्दल. घराचे भाव वाढतात-पडतात ते व्याजदरानं आणि बांधकाम साहित्याच्या किमतीनं, असं शहरात म्हणतात. आमच्याकडं ते पिकावर हलतात. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघतं. हळद नऊ महिने जमिनीत राहते, मग खणून, शिजवून, वाळवून उन्हाळ्यात हिंगोली-वसमतच्या बाजारात जाते. हळदीचा पैसा आला की घेणारे वाढतात. उलट मृगाच्या तोंडावर बी-खताची नड असते, लग्नाचं देणं अंगावर असतं, कुणाचं दवाखान्याचं बिल थकलेलं असतं. त्या पंधरा दिवसांत जो विकायला निघतो तो मनातून विकत नसतो. त्यानं चार महिने कळ काढली तर त्याच घराचे चार पैसे जास्त येतील, हे सगळ्यांना कळतं.

सरकारी वेळही असते. २०२०च्या १ सप्टेंबरपासून राज्य सरकारनं शहरी भागात पाच टक्क्यांचं मुद्रांक शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत दोन टक्क्यांवर आणि पुढं मार्च २०२१पर्यंत तीन टक्क्यांवर आणलं, तेव्हा करोनाच्या काळातही नोंदणी कार्यालयांपुढं रांगा लागल्या होत्या. पण ती वेळ वर्तमानपत्रात छापून येते आणि सगळ्यांना सारखीच मिळते. शेजाऱ्याची नड मात्र छापून येत नाही. ती फक्त भिंतीपलीकडं ऐकू येते.

आणि इथंच खरा प्रश्न आहे. ऐकलेल्या नडीचं काय करायचं? सावकाराच्या आधी जाऊन घर पाडून मागायचं, की सांगायचं, दादा, दिवाळीपर्यंत थांब, तोवर बियाण्याचं मी बघतो? दोन्ही गोष्टी करणारे शेजारी मी पाहिले आहेत. माहिती दोघांकडं सारखीच होती.

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या मुलखात त्यावर फार पूर्वी विचार झाला आहे. बसवकल्याण हे गाव आज कर्नाटकात, बिदर जिल्ह्यात आहे. नऊशे वर्षांपूर्वी ते चालुक्यांची राजधानी होतं आणि तिथं विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. जमीन देताना गाव, भाऊबंद, शेजारी यांची अनुमती घ्यावी, असं एक जुनं वचन त्यात येतं. विज्ञानेश्वर त्याचा अर्थ मोठ्या समजुतीनं लावतो. गावाला विचारायचं ते व्यवहार उजेडात व्हावा म्हणून. शेजाऱ्याला विचारायचं ते पुढं हद्दीचा तंटा होऊ नये म्हणून. गावानं होकार दिला नाही म्हणून व्यवहारच होत नाही, असं तो म्हणत नाही.

इस्लामी कायद्यात याच ठिकाणी ‘शुफा’ येतो. शुफा म्हणजे आधी विकत घेण्याचा हक्क. पहिला मान सामाईक हिस्सेदाराचा, दुसरा वाट किंवा पाणी सामाईक असलेल्याचा, तिसरा लागून असलेल्या शेजाऱ्याचा. परक्याला घर विकलं गेलं, तर यांच्यापैकी कुणीही तेवढीच किंमत मोजून ते स्वतःकडं घेऊ शके. किंमत तेवढीच, एक पैसाही कमी नाही. आणि वेळेची अट अशी कडक की व्यवहाराची बातमी कानावर पडताच, तिथल्या तिथं मागणी बोलून दाखवायची. या पहिल्या मागणीला जे अरबी नाव आहे, त्यात उडी मारण्याचा अर्थ आहे. नंतर साक्षीदारांसमोर दुसरी मागणी करायची. विचार करतो, घरी विचारून सांगतो असं म्हणत जो बसला, त्याचा हक्क गेला. लोकही काही कमी नव्हते. शेजाऱ्याच्या हद्दीला लागून एक हात रुंदीची पट्टी न विकता ठेवायची, म्हणजे घेणारा त्याला लागून येतच नाही आणि शुफाही लागू होत नाही! अशी पळवाट फिक्‌हच्या जुन्या ग्रंथांतच नोंदलेली आहे.

या हक्काची चांगली बाजू सरळ आहे. एका बोळातून दोन घरांची ये-जा असेल, एका आडावर दोघांचं पाणी असेल, तर तिथं भांडकुदळ माणूस येऊन बसला की जगणं कठीण होतं. पण दुसरी बाजूही होती. ‘परका’ या शब्दात हळूहळू दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा माणूस येऊन बसला.

संविधान आल्यावर चार-पाच वर्षांतच हैदराबादच्या उच्च न्यायालयानं निव्वळ शेजारामुळं मिळणारा हा हक्क घटनाबाह्य ठरवला. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. १९६२ साली भाऊराम विरुद्ध बैजनाथ या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. त्या निकालात पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडातल्या जमीन महसूल कायद्याची कलमंही तपासली गेली होती. सामाईक हिस्सेदाराचा हक्क न्यायालयानं राखला. नुसत्या शेजाऱ्याचा काढून घेतला. कारण असं दिलं की त्यामागं दुसऱ्या धर्माच्या, वंशाच्या, जातीच्या माणसाला वस्तीत येऊ न देण्याचा हेतू होता आणि तशा भेदाला आता जागा नाही.

शुफा माझ्या घरातला शब्द आहे. तरीही तो हक्क गेला, हे बरं झालं असं मला वाटतं. आजही राहत्या वडिलोपार्जित घरातला एका भावाचा हिस्सा परक्यानं विकत घेऊन वाटणीचा दावा लावला, तर १८९३च्या वाटणी कायद्याप्रमाणं उरलेल्या भावांना न्यायालयानं ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा घेता येतो. तेवढं राखण पुरेसं आहे.

मात्र कायद्यानं दार उघडलं म्हणून माणसं आत घेतली जातातच असं नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं, सभासदत्व फक्त पारशांना देण्याची संस्थेची उपविधी मान्य केली. ती गोष्ट निदान लिहिलेली होती. न लिहिलेल्या गोष्टींचं काय? माझ्या मुलासाठी मी एका मोठ्या शहरात घर बघत होतो. दलालाशी फोनवर सगळं ठरलं. भाव पटला, मजला पटला. शेवटी त्यानं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. तो दोन क्षण थांबला आणि म्हणाला, ‘काका, मालक सध्या द्यायचं नाही म्हणतायत.’ मराठी मोठं गोड बोलत होता. मालकाला विचारायला त्याला दोन क्षण पुरले होते. असे अनुभव दलित मित्रांकडून मी माझ्याआधी ऐकलेले आहेत.

म्हणून १९८६च्या सुमाराची आमच्या गल्लीतली एक गोष्ट सांगतो. सुतारकाका मुलाकडं पुण्याला निघाले. घर विकायचं ठरलं तेव्हा ते सगळ्यात आधी माझ्या वडिलांकडं आले. म्हणाले, ‘भाई, भिंत आपली एक आहे. तुम्ही घेता का?’ अब्बांकडं तेवढा पैसा नव्हता. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. महिन्याभरात शाळेत बदलून आलेल्या एका मास्तरांनी ते घर घ्यायचं ठरवलं, इसारही दिला. मास्तर बौद्ध होते. त्याच रात्री गल्लीतले चारजण अब्बांकडं आले. म्हणाले, ‘चाचा, तुम्ही शेजारी, पहिला मान तुमचा. तुम्हीच घ्या. पैसे आम्ही गोळा करून देतो.’ अब्बा म्हणाले, ‘मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. आता हो म्हटलं तर ते घर घेणं होत नाही, माणूस अडवणं होतं.’

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मास्तरांना घेऊन त्या घरात गेले. मागची भिंत कुठं फुगली आहे, वळचणीचं पाणी आमच्या अंगणातून कसं जातं, बोळ सामाईक आहे, सगळं दाखवलं. म्हणाले, ‘गुरुजी, पाण्याचं आणि बोळाचं खरेदीखतात लिहून घ्या. मी आहे तोवर काही नाही, पण माझ्या पोरांचा भरवसा कशाला धरता?’ ती पोरं म्हणजे आम्ही! मास्तर त्या घरात वीस वर्षं राहिले. माझ्या पहिल्यावहिल्या कविता त्यांनीच तपासल्या, ऱ्हस्व-दीर्घासकट.

विज्ञानेश्वरानं जे लिहिलं तेच अब्बांनी त्या दिवशी केलं. त्यांनी मिताक्षरेचं नावही ऐकलेलं नव्हतं. शेजाऱ्याकडं माहितीचा साठा असतो. तो घेणाऱ्यापुढं उघडायचा, हे शेजाऱ्याचं काम. कुणी यावं आणि कुणी येऊ नये, हे ठरवणं त्याच्याकडं दिलेलंच नाही.

आता काळ बदलतो आहे. २०२०पासून स्वामित्व योजनेत गावठाणावरून ड्रोन फिरवून घरांची मोजणी केली जाते आणि मिळकत पत्रिका तयार होते. चांगली गोष्ट आहे. नमुना आठवरची भिस्त त्यामुळं कमी होईल. पण ड्रोन उडायच्या आधी जमिनीवर हद्दी आखाव्या लागतात, चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून. रेघ कुठून जाते ते आकाशातून कळत नाही. त्या वेळी दोन्ही बाजूंचे शेजारी दारात उभे असले, म्हणजे पुढच्या पिढीचा एक तंटा वाचतो.

तेव्हा घर घेणाऱ्यांनो, भाव विचारण्याआधी भिंतीपलीकडं जाऊन बसा. घर पावसाळ्यात बघा, कागद वकिलाला दाखवा आणि दस्त नोंदवा. विकणाऱ्यांनो, नड असली तरी एक हंगाम कळ काढता येते का ते बघा, आणि शेजाऱ्याला आधी सांगा. आणि शेजाऱ्यांनो, म्हणजे आपण सगळेच, कुणी घर बघायला आलं तर गळकं माळवद दाखवा, सामाईक बोळ दाखवा, आडाचं पाणी गोड आहे की मचूळ ते सांगा. आडनाव नंतर सावकाश कळेल. खरेदीखतात चतुःसीमेच्या रकान्यात ते येणारच आहे.