'कालच आला आहे'



संयोजकांनी पाच मिनिटे दिली आहेत. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस व्याकरणच बोलणार, तेव्हा थोडे सहन करा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नोकरीच्या अर्जात 'आय हॅव पास्ड बी.ए. इन १९९२' असे लिहिले असेल. इंग्रजीच्या हिशेबाने ते चूक. साल सांगितले की 'हॅव' जायला हवा. 'आय पास्ड' एवढेच पुरे. पण ही चूक अडाणीपणाची नाही, ती मराठीतून आलेली आहे. आपण सहज म्हणतो, 'भाऊ कालच पुण्याहून आला आहे.' आपल्या पूर्ण वर्तमानकाळाला 'काल' चालतो, कारण भाऊ अजून घरात आहे, हेच सांगायचे असते. इंग्रजीत 'यस्टरडे' आला की 'ही केम', मग भाऊ समोर बसून भात का खात असेना! उलट 'मी वीस वर्षांपासून एकोडीत राहतो' हे आपण साध्या वर्तमानकाळात सांगतो आणि इंग्रजी तिथे 'हॅव लिव्ड' मागते. ('येऊन राहिलो'बद्दल आज बोलत नाही, त्याला वेगळे संमेलन लागेल.)

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. आपण पाचवीत ए-बी-सी-डी गिरवली आणि 'हॅव म्हणजे आहे' एवढ्यावर मॅट्रिक काढली. सोयीचे होते, पण अर्धेच खरे.

या स्मरणिकेसाठी आपल्या एका दिवंगत मित्राच्या मुलीने दोन्ही भाषांत मजकूर पाठवला. तपासायला माझ्याकडे आला. इंग्रजीत तिने लिहिले होते, 'माय फादर हॅज प्लांटेड मेनी ट्रीज.' इंग्रजीत हा 'हॅज' वडिलांना लागतो, आणि माणूस हयात असल्यासारखा वाटतो. तो खोडावा लागला. पेन जरा अडखळले, खरे सांगतो.

मराठीत तिचे वाक्य होते, 'बाबांनी खूप झाडे लावली आहेत.' इथे कर्मणी प्रयोग आहे, गुरुजींनी घोटून घेतलेला. 'आहेत' हे बाबांचे नाही, झाडांचे. झाडे उभी आहेत, तोवर वाक्य बरोबर. तिथे मी हात लावला नाही.

कुंपणालगतचे कडुनिंब त्याचेच. चहा घेऊन तिकडे चला.